आयझाक वॉल्टन यांचे अल्पचरित्र

आमच्या परभणी जिल्ह्यातील वाचकांस मासे धरणे ही गोष्ट नवी नाही. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या काठी राहणाऱ्या भोई बांधवांचा तर तो वंशपरंपरेचा धंदा आहे, आणि इतर घरांतील मुलेही उन्हाळ्यात डोह आटू लागले म्हणजे गळाला गांडूळ लावून मरळेच्या आशेने दुपारभर बसून राहतात. परंतु ज्या गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही, खाण्याजोगे काहीएक नाही, केवळ कोंबड्याचे पीस आणि रेशमाचा दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी आहे, अशा गळाने मोठमोठे मासे धरता येतात, हे सांगितले तर पुष्कळांस ती थट्टा वाटेल. माशीने मासा धरणे, हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. विलायतेत ही एक जुनी विद्या आहे. तिच्याशी ज्या पुरुषाचे नाव कायमचे जोडले गेले, आणि ज्याने ती विद्या आपली नव्हे, दुसऱ्याची आहे, असे आपल्याच पुस्तकात प्रांजळपणे लिहून ठेविले, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

आयझाक वॉल्टन (आमच्या बोलीत इसहाक) यांचा जन्म इंग्लंडातील स्टॅफर्ड नावाच्या गावी सन १५९३ मध्ये झाला. त्यांचा बाप गावात दारूचे दुकान व खाणावळ चालवीत असे. पोर तीन-चार वर्षांचे असतानाच तो वारला, आणि आईने दुसरे लग्न केले. आयझाकास शिक्षण बेताचेच मिळाले. विद्यापीठाचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही, आणि लॅटिन भाषेत पारंगत असे विद्वान पुढे त्यांच्याभोवती जमले तरी ते स्वतः तसे विद्वान नव्हते. अंगावर मिसरूड फुटण्याच्या वयात ते लंडन शहरी आपल्या बहिणीच्या नवऱ्याकडे उमेदवारीस राहिले. हा मेहुणा कापडाचा व्यापारी होता. उमेदवारी संपल्यावर सन १६१८ मध्ये ते आयर्नमाँगर्स या व्यापारी संघाचे सभासद झाले. फ्लीट स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर पुढे त्यांनी आपले दुकान थाटले.

दुकानाजवळच सेंट डन्स्टनचे देऊळ होते. तेथील पाळक डॉक्टर जॉन डन हे त्या काळचे सर्वांत मोठे उपदेशक व कवी होत. कापड मोजणारा दुकानदार आणि राजापुढे उपदेश करणारा पंडित यांचा स्नेह जडावा हे आश्चर्यच, पण तो जडला. वॉल्टन यांनी त्या देवळात झाडलोटीच्या देखरेखीपासून मंडळीच्या पंचापर्यंतची कामे केली. आमच्या मंडळ्यांतील जे वडील अशा कामास हलके समजतात त्यांस हे कळावे म्हणून लिहितो. सन १६३१ मध्ये डन वारले. त्यांचे चरित्र लिहिण्याचे सर हेन्री वॉटन या वृद्ध गृहस्थाने मनावर घेतले होते. हे वॉटन पूर्वी व्हेनिस येथे राजाचे वकील होते व पुढे ईटनच्या शाळेचे मुख्य झाले होते. त्यांसही गळाने मासे धरण्याचा फार नाद. त्यांनी माहिती गोळा करण्याचे काम वॉल्टन यांस सांगितले, परंतु सन १६३९ च्या अखेरीस वॉटन हेच निवर्तले, आणि डन यांच्या उपदेशांचा ग्रंथ तर छापून निघण्याच्या बेतात होता. तेव्हा दुसरे कोणी नाही असे पाहून कापडाच्या व्यापाऱ्यानेच लेखणी हाती घेतली. सन १६४० मध्ये ते चरित्र प्रसिद्ध झाले, आणि इंग्रजी भाषेला एक उत्तम चरित्रकार लाभला. पुढे त्यांनी वॉटन, हूकर, हर्बर्ट व सँडर्सन या आणखी चौघांची चरित्रे लिहिली. ती अजून वाचिली जातात. मात्र ज्यांच्यावर त्यांचे प्रेम असे त्यांचे दोष त्यांस फारसे दिसत नसत, ही गोष्ट वाचणाराने ध्यानात ठेविली पाहिजे.

याच वर्षांत त्यांच्या घरी काय चालले होते ते आता सांगितले पाहिजे. सन १६२६ मध्ये त्यांचे लग्न रेचल फ्लाउड या बाईशी झाले होते. त्यांस सात मुले झाली. एकामागून एक ती सर्व लहानपणीच गेली. सन १६४० मध्ये रेचल बाईही वारल्या. म्हणजे ज्या साली त्यांचे पहिले पुस्तक निघाले त्याच साली त्यांची बायको गेली, आणि थोड्याच काळात घरात एकही लेकरू उरले नाही. ज्या आईबापांनी एक पेटी पुरली आहे त्यांस सात पेट्या म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. या दुःखाविषयी वॉल्टन यांनी फारसे लिहून ठेविलेले नाही. नदीकाठी जाऊन बसण्याची त्यांची सवय मात्र जुनी होती, आणि ती सुटली नाही.

सन १६४७ च्या सुमारास त्यांनी दुसरे लग्न केले. ही बायको ॲन केन. हिचा धाकटा सावत्र भाऊ टॉमस केन हा पुढे बिशप झाला, आणि जे चार ओळींचे स्तुतिगीत जगभरच्या मंडळ्या उपासनेत उभ्या राहून गातात ते त्यानेच रचिले. आपल्यापैकी कितीकांनी ते गायिले असेल, पण रचणाऱ्याच्या मेहुण्याची ओळख आज होत आहे.

त्या दिवसांत इंग्लंडात राजा व पार्लमेंट यांच्यामध्ये युद्ध जुंपले होते. भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला. सन १६४९ मध्ये चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. बिशप काढून टाकण्यात आले, जुने प्रार्थनेचे पुस्तक बंद झाले. वॉल्टन हे राजाच्या पक्षाचे व जुन्या मंडळीचे होते, आणि विरुद्ध पक्षाच्या प्युरिटन लोकांना त्यांनी पुरता न्याय दिला असे आम्हांस वाटत नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसे सन १८१३ मध्ये मुंबईस उतरली ती प्युरिटनांच्याच परंपरेतील होती, तेव्हा या बाबतीत आम्ही वॉल्टन यांच्या बाजूचे नाही हे मोकळेपणाने सांगतो. परंतु त्यांच्या हिमतीविषयी शंका नको. सन १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत तरुण राजपुत्राचा पराभव झाल्यावर त्याचे एक रत्नजडित पदक स्टॅफर्डच्या मुलुखात लपवून ठेविले होते. ते लंडनच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या कर्नल ब्लॅग यांच्या हाती पोहोचविण्याचे काम या अठ्ठावन्न वर्षांच्या दुकानदाराने केले. वाटेत झडती झाली असती तर जीवावर बेतले असते.

आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे सन १६५३ मध्ये, सर्व देश अजून धुमसत असता, या गृहस्थाने मासे धरण्याचे पुस्तक छापविले! त्याचे नाव 'द कंप्लीट अँग्लर', म्हणजे गळ टाकण्यात पुरा तयार झालेला मनुष्य. किंमत अठरा पेन्स. त्यात लढाईचे नाव नाही. एक मासे धरणारा पहाटे लंडनाबाहेर पडतो, वाटेत त्याची दुसऱ्या वाटसरूशी गाठ पडते. पुढच्या आवृत्तीत हा वाटसरू शिकारी झाला आणि तिसरा एक ससाणा बाळगणारा मिळाला. आपला नाद श्रेष्ठ की तुझा, असा वाद चालतो. शेवटी शिकारी हार मानून शिष्य होतो, आणि लीया नदीच्या काठाने चालता चालता गुरू त्यास शिकवितो. प्रभूच्या बारा शिष्यांपैकी चौघे कोळी होते, आणि पेत्राने गळ टाकून माशाच्या तोंडातून नाणे काढिले, हे गुरू विसरत नाही. धरलेला मासा ते गरीब गवळणीस देऊन टाकितात आणि तिच्या मुलीचे गाणे ऐकतात. पावसाची सर आली म्हणजे झाडाच्या आडोशास बसतात, आणि तेथेच माशी बांधण्याचा पाठ होतो.

आता त्या विद्येविषयी. ट्राउट हा थंड पाण्यातील मासा आहे. वाहते, निवळ आणि गार पाणी त्यास लागते. आमच्या गोदावरीच्या पाण्यासारखे कोमट पाणी असले तर तो जगत नाही. म्हणून तो महाराष्ट्रात नाही. सन १९०० च्या सुमारास विलायतेहून अंडी आणून काश्मीरच्या ओढ्यांत त्याची वस्ती करण्यात आली, आणि निळगिरीच्या डोंगरांतही पुढे तो वाढविण्यात आला. हा मासा प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशास स्थिर उभा राहतो आणि पाणी जे वाहून आणील ते खातो. त्याचे मुख्य अन्न म्हणजे पाण्यात वाढणारे किडे. त्यांतील एका जातीचे किडे पुष्कळ महिने तळाशी दगडांखाली काढून एके दिवशी वर येतात, कात टाकितात, पंख पसरून उडतात, आणि एकदोन दिवसांत अंडी घालून मरतात. त्या दिवसांत ट्राउट दुसऱ्या कशाकडे ढुंकून पाहत नाही. ज्या रंगाची माशी पाण्यावर आहे त्याच रंगाची त्यास हवी असते. परंतु इतका नाजूक किडा गळाला टोचावा तर तो तुटून जातो. म्हणून त्याचे सोंग करावे लागते, आणि या सोंगातच सारी कला आहे.

रीत अशी. गळाचा बाक डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांमध्ये घट्ट धरावा. बारीक रेशमाचा दोरा मेणातून ओढून घ्यावा, म्हणजे तो घसरत नाही. दोऱ्याने आधी केसांची दोरी गळाच्या दांड्यास बांधून टाकावी. मग पंखांसाठी बदकाच्या पिसाची दोन चिमटीभर पाती बसवावी. नंतर मेण लाविलेल्या दोऱ्यावर अस्वलाची, डुकराची किंवा मेंढराची मऊ लव विरळ पसरून पीळ द्यावा, आणि तो लोकरी दोरा दांड्यावर गुंडाळून किड्याचे अंग तयार करावे. शेवटी कोंबड्याच्या मानेचे लांब पीस भोवती फिरविले म्हणजे त्याचे केस पायांसारखे बाहेर येतात. लव निवडताना ती ओली करून व उजेडासमोर धरून पाहावी, कारण कोरडेपणी जो रंग दिसतो तो पाण्यात राहत नाही. अंग जाड होऊ देऊ नये. नवशिक्याच्या हातून ते हमखास जाड होते.

हे लिहिण्यापूर्वी आम्ही स्वतः प्रयत्न करून पाहिला. गावच्या कोंबड्याची दोन पिसे, शिवणाचा काळा दोरा आणि मेणबत्तीचे मेण. दोन तासांत जे तयार झाले ते माशीपेक्षा भुंग्यासारखे अधिक दिसत होते. शेजारच्या भोई मुलाने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि, पाळकसाहेबांचा मान राखावा म्हणून, हसू दाबले. नदीवर गेल्यावर बोटभर लांबीच्या चंदेरी मासळीने दोनदा त्यास टोचा मारिली एवढेच. पण मासळी वर आली होती हे खरे. मुलाचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याने आमच्याकडे पिसे मागितली.

गळ टाकण्याची रीत बांधण्याहून कठीण आहे. त्या काळी काठीला दोरी गुंडाळण्याचे चाक सहसा नसे. लांब लवचिक काठीच्या टोकासच दोरी बांधीत. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची. वरच्या बाजूस पुष्कळ केसांचा पीळ, आणि खाली कमी होत होत गळाजवळ दोनच केस उरत. वारा पाठीशी घ्यावा व सूर्य समोर, म्हणजे आपली सावली पाण्यावर पडत नाही. पाण्यापासून दूर उभे राहावे. काठी मागे नेऊन दोरी हवेत सरळ होऊ द्यावी, मग पुढे झुकवावी, आणि पाण्याला प्रथम माशी लागावी, दोरी नव्हे. जोराने हाणणाऱ्याची दोरी चाबकासारखी वाजते आणि माशी तुटून जाते. मासा लागला म्हणजे त्यास ओढू नये, काठीच्या लवचिकपणावर दमवावे. दोन केसांवर हातभर मासा काठी न मोडता आणावयाचा म्हणजे ओढाओढीचे काम नाही हे उघडच आहे.

वॉल्टन यांस यांतील पुष्कळसे येत नव्हते. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण लोक त्यांस माशीच्या गळाचा आद्य गुरू समजतात. ते मुख्यतः गांडूळ, नाकतोडा, लहान मासळी यांनी मासे धरणारे. माशी बांधण्याविषयीचा भाग त्यांनी टॉमस बार्कर नावाच्या एका आचाऱ्याकडून घेतला, आणि तसे नाव घेऊन लिहिले. बारकरचे छोटे पुस्तक दोनच वर्षांपूर्वी निघाले होते. बारा महिन्यांच्या बारा माश्यांची यादीही सन १४९६ मध्ये छापलेल्या जुन्या ग्रंथातून आलेली. शिवाय त्यांच्या पुस्तकात चुका आहेत. एक जातीचा मासा पाणवनस्पतीपासून उत्पन्न होतो असे ते मानीत. जिवंत बेडूक गळाला लावण्याची जी रीत त्यांनी प्रेमाच्या भाषेत सांगितली आहे ती वाचताना अंगावर काटा येतो. पुढे बायरन कवीने त्यांस निर्दय म्हणून झोडपले, आणि निदान त्या बेडकापुरते तरी ते अगदीच अन्यायाचे नव्हते.

माशीची खरी विद्या ज्यास येत होती तो त्यांस पुढे भेटला. चार्ल्स कॉटन हा डर्बीशायरच्या सीमेवर, डव्ह नदीच्या काठी, बेरेसफर्ड येथे राहणारा जमीनदार. वयाने वॉल्टन यांच्याहून सदतीस वर्षांनी लहान. कवी, विद्वान, उदार, आणि उधळ्या. कर्जाने नेहमी पिचलेला, सावकार दाराशी आले म्हणजे लपून बसणारा. वृद्ध, काटकसरी, देवभीरू वॉल्टन यांचा अशा मनुष्याशी स्नेह कसा, असे त्यांच्या मित्रांस वाटले असेल. आमच्या कित्येक मंडळ्यांत अशा मनुष्यास घरी बोलाविले तर चर्चा होते. वॉल्टन त्याच्या घरी जाऊन राहत, आणि त्यास मुलगा म्हणत. सन १६७४ मध्ये कॉटनने नदीकाठी दगडाची एक लहानशी चौकोनी खोली बांधिली, आणि तिच्या दारावर आपल्या व वॉल्टन यांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंतवून कोरविली.

सन १६७६ मध्ये वॉल्टन यांच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघावयाची होती. ते त्र्याऐंशी वर्षांचे झाले होते. त्यांनी कॉटनला सांगून पाठविले की निवळ पाण्यात माशीने ट्राउट कसा धरावा हे तू लिही. पन्नासएक वर्षे नदीवर घालविलेल्या, देशभर नावाजलेल्या म्हाताऱ्याने आपल्या पुस्तकात दुसऱ्यास गुरूची जागा दिली. कॉटनने थोड्याच दिवसांत तो भाग लिहून काढिला. त्यात साठांहून अधिक माश्या महिन्यावारीने सांगितल्या आहेत. लंडनात बांधलेल्या जाड अंगाच्या माश्यांची त्याने थट्टा केली आहे. त्याचा नवशिका शिष्य स्वतः बांधलेल्या माशीने मासा धरितो तेव्हाचा आनंद फार सुरेख वर्णिला आहे. दोघांचे लिखाण एकाच बांधणीत निघाले, आणि तेव्हापासून ते बहुधा एकत्रच छापिले जाते.

राजघराणे सन १६६० मध्ये परत आले होते, व वॉल्टन यांचे जुने मित्र जॉर्ज मॉर्ली हे बिशप झाले होते. सन १६६२ मध्ये ॲन बाई वारल्या. त्यांस वूस्टरच्या मोठ्या देवळात पुरिले आहे. त्यानंतरची वीस वर्षे वॉल्टन यांनी बहुतेक बिशप मॉर्ली यांच्या आश्रयास व आपल्या मुलीच्या घरी काढिली. जावई विंचेस्टरच्या देवळात पाळक होते.

सन १६८३ च्या ऑगस्ट महिन्यात, नव्वदीला आले असता, त्यांनी आपल्या हाताने मृत्युपत्र लिहिले. त्यावर जी मोहर उठविली तिच्यावर नांगरावर खिळलेल्या ख्रिस्ताचे चित्र होते. ती अंगठी डॉक्टर डन यांनी मृत्यूपूर्वी आपल्या निवडक मित्रांसाठी करविली होती, म्हणजे वॉल्टन यांनी ती पन्नासाहून अधिक वर्षे जपली. स्टॅफर्डजवळ शॅलोफर्ड येथे त्यांची थोडी शेती होती. तिच्या उत्पन्नातून गावच्या दोन गरीब मुलांस धंदा शिकविण्यासाठी उमेदवारीस लावावे, कोणा गरीब मोलकरणीच्या लग्नास मदत करावी, आणि जे उरेल त्यातून हिवाळ्यात गरिबांस कोळसा वाटावा, असे त्यांनी लिहून ठेविले. कोळसा कोणत्या महिन्यांत वाटावा हेही लिहिले, कारण थंडीचा कडाका कधी असतो हे त्यांस ठाऊक होते. स्वतः बापाविना वाढलेला पोर मेहुण्याकडे उमेदवार राहून उभा राहिला होता, हे आठवले म्हणजे पहिले कलम का आले ते कळते.

त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी, मोठ्या थंडीत, विंचेस्टर येथे त्यांचा अंत झाला. तेथील मोठ्या देवळाच्या एका लहान उपासनामंदिरात त्यांस पुरिले आहे. सन १९१४ मध्ये इंग्लंड व अमेरिका येथील मासे धरणाऱ्यांनी वर्गणी करून तेथे रंगीत काचेची खिडकी बसविली. तिच्यात वॉल्टन नदीकाठी पुस्तक घेऊन बसले आहेत, काठी व टोपली बाजूस पडली आहे, आणि खाली थेस्सलनीकाकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील स्वस्थ राहण्याविषयीचे शब्द आहेत. त्यांनी आपले पुस्तक त्याच शब्दांनी संपविले होते.

कॉटनला सन १६८१ मध्येच कर्जापायी बेरेसफर्डची वाडी विकावी लागली होती, आणि सन १६८७ मध्ये तो देणेकऱ्यांस काही न ठेविता मेला. त्याचा मोठा वाडा पुढे पडला. नदीकाठची ती चौकोनी खोली मात्र अजून उभी आहे, व दारावरची गुंतलेली अक्षरे वाचता येतात.